हाशम प्रेमजी : अमळनेरचे तेल आणि कुबेराचे धन

आपली अलकापुरी नावानेच श्रीमंत आहे. पुराणातली अलका ही धनाचा देव कुबेर याची नगरी. त्यातून वडोदऱ्यात तेल म्हटले की कोयलीची रिफायनरी आठवते. ती १९६५ साली सुरू झाली आणि या शहराचे रूपच पालटले. पण यंदाच्या स्मरणिकेत आम्ही ज्या तेलसम्राटाची ओळख करून देत आहोत, त्यांचे तेल विहिरीतून आले नाही. ते आले भुईमुगाच्या शेंगेतून, आणि तेही आपल्या खानदेशातल्या अमळनेरात. त्यांचे नाव मोहम्मद हाशम प्रेमजी.

खानदेशातून गुजरातेत आलेल्या मंडळींना अमळनेर सांगायला नको. सुरत-भुसावळ मार्गाने जाताना नंदुरबार, दोंडाईचा मागे पडले की बोरी नदीकाठचे हे गाव येते. सखाराम महाराजांचे, प्रताप शेठजींच्या गिरणीचे, १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिराचे आणि साने गुरुजींच्या शाळेचे हे गाव. भोवतालच्या शिवारात कपाशी आणि भुईमूग. या गावाच्या लौकिकात एका परक्या व्यापाऱ्यानेही भर घातली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रेमजींचे घराणे मूळचे कच्छचे, खोजा मुसलमान. व्यापार तांदळाचा, आणि तो इतका मोठा की हाशम प्रेमजींना ब्रह्मदेशाच्या तांदळाचा राजा म्हणत. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि तिकडून हिंदुस्थानात येणारा तांदूळ बंद झाला. इकडे धान्याच्या व्यापारावर सरकारी नियंत्रणे आली. अशा अस्थिर काळात प्रेमजी खाद्यतेलाकडे वळले. २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना अमळनेरात उभा राहिला. कच्चा माल शिवारात पिकत होता आणि पक्का माल न्यायला दाराशी रेल्वे होती.

कारखान्यात मुख्यतः वनस्पती तूप होई. आपल्या आयाआज्या त्याला सरसकट डालडा म्हणत, मग डबा कोणत्याही कंपनीचा असो. शुद्ध केलेले तेल तापवून, निकेल धातूच्या भुकटीच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन वायू सोडला की पातळ तेल थिजून तुपासारखे रवाळ होते. साजूक तुपात याची भेसळ होऊ नये म्हणून कायद्याने त्यात पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. तिळाचे तेल रासायनिक तपासणीत लाल रंग दाखवते आणि भेसळ उघडी पडते. अमळनेरचा माल ‘सनफ्लॉवर’, ‘किसान’, ‘कॅमल’ अशा नावांनी बाजारात जाई. तेलाच्या जोडउत्पादनातून धुण्याचा साबण निघे, त्याचे नाव ‘७८७’.

पुढे फाळणी झाली. महंमद अली जीनांनी हाशम प्रेमजींना पाकिस्तानात येण्याचे आमंत्रण दिले. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला नव्या देशात मानाचे स्थान मिळायला अडचण नव्हती. त्या दिवसांत सीमेच्या दोन्ही बाजूंनी माणसांचे लोंढे वाहत होते आणि कुठे राहायचे हा प्रश्न जिवावरचा होता. प्रेमजींनी आमंत्रण नाकारले. त्यांचा कारखाना खानदेशात होता, घर मुंबईत होते, ते इथेच राहिले. त्या निर्णयाचे मोल तेव्हा कोणाला कळले नसेल. आज मागे वळून पाहताना वाटते की त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार हाच होता.

दुसरी मोठी गोष्ट भांडवलाची. कंपनी १९४६ सालीच लोकांसाठी खुली झाली. शंभर रुपयांचा एक शेअर. अमळनेर आणि परिसरातल्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, नोकरदारांनी ते घेतले. शंभर रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती आणि शेअर म्हणजे काय हे उमजणारी माणसेही थोडी. पण ज्या कारखान्याचे धुराडे रोज डोळ्यांसमोर दिसते, त्यात आपलाही एक वाटा आहे, ही भावना त्या कागदामागे होती.

त्यांच्या पत्नी डॉ. गुलबानू प्रेमजी यांचे कार्यही सांगितले पाहिजे. त्या वैद्यकीय पदवीधर होत्या. त्यांनी स्वतःचा दवाखाना न थाटता मुंबईत हाजी अलीजवळच्या अपंग मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयासाठी आयुष्य वाहिले. पोलिओने पाय गेलेल्या मुलांसाठी निधी जमवणे, सरकारदरबारी खेटे घालणे हे काम त्यांनी अनेक वर्षे केले. संपत्ती कशासाठी असते, याचा पहिला धडा त्यांच्या मुलांना घरातच मिळाला.

ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजींचे अकाली निधन झाले. धाकटा मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. वय अवघे एकवीस. शिक्षण अर्धवट टाकून तो परतला आणि तेलाचा कारखाना हाती घेतला. पुढची कहाणी सर्वांना माहीत आहे. १९७७ मध्ये कंपनीच्या नावात ‘विप्रो’ आले. वेस्टर्न इंडिया प्रॉडक्ट्स याचेच ते आखूड रूप. साबण, दिवे, मग संगणक, मग सॉफ्टवेअर. आज बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आपल्या कंपनीच्या नावात अमळनेरचा तेलाचा घाणा दडलेला आहे?

ज्या वनस्पती तुपावर हे सारे उभे राहिले, त्याचे दिवस मात्र सरले. त्याला विरोध जुनाच, गांधीजींनाही ते पसंत नव्हते. पुढे त्यातली ट्रान्स फॅट हृदयाला घातक ठरली आणि २०२२ पासून खाद्यपदार्थांत तिचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्यात आले. डबा गेला, पण अमळनेरकरांच्या ट्रंकेतले कागद राहिले. बोनस शेअर मिळत गेले, शेअरचे विभाजन होत गेले. अडचणीत ज्यांना विकावे लागले त्यांनी विकले. ज्यांनी जपले, त्यांची मुले-नातवंडे लक्षाधीश, काही तर कोट्यधीश झाली.

आणि संस्थापकाच्या घरातले धन? ते मोठ्या प्रमाणात शाळांकडे वळले. अझीम प्रेमजींनी सरकारी शाळांतल्या शिक्षणासाठी प्रतिष्ठान उभे केले, बंगळुरूला विद्यापीठ काढले. मार्च २०१९ पर्यंत त्यांनी या कामासाठी दिलेल्या संपत्तीचे मूल्य सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये झाले होते. कुबेर धन राखतो म्हणतात. या घराण्याने ते वाहते ठेवले.

आम्हा वडोदेकर मराठी माणसांना या चरित्रात आणखी एक गोष्ट जवळची वाटते. आपण महाराष्ट्रातून येऊन गुजरातच्या मातीत रुजलो. हाशम प्रेमजी कच्छी, त्यांचा उद्योग महाराष्ट्राच्या मातीत रुजला. परक्या गावात नुसते कमावून कोणी गावचे होत नाही. गावाला आपल्या कामात वाटेकरी करून घेतले की गाव आपले म्हणते. आपला सार्वजनिक गणपतीही घरोघरच्या छोट्या वर्गणीतून उभा राहतो आणि म्हणूनच तो सर्वांचा असतो. अमळनेरच्या त्या शंभर रुपयांच्या शेअरमागची रीत याहून फार वेगळी नव्हती. यंदा वर्गणीची पावती हाती घेताना तेवढी आठवण राहावी, हीच गणरायाचरणी प्रार्थना.