नदी आणणारा माणूस

आमच्या हॉस्टेलचा नळ सकाळी साडेसातला जातो. बादली भरली नाही तर लेक्चरला तसंच जायचं! त्या रांगेत माझे दोन रूममेट, एक नगरचा आणि एक पैठणचा, जायकवाडीच्या पाण्यावरून भांडत असतात. मी मध्ये पडत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, माझं मराठी भांडणाइतकं पक्कं नाही. पण सिव्हिलचा विद्यार्थी म्हणून मला तेव्हा एक माणूस आठवतो. विल्यम मुलहॉलंड.

११ सप्टेंबर १८५५ ला आयर्लंडमधल्या बेलफास्टला त्याचा जन्म झाला. लहान वयातच घर सोडून तो जहाजावर खलाशी झाला. १८७७ मध्ये लॉस एंजेलिसला पोचला आणि पुढच्या वर्षी पाणी कंपनीत पाटांची राखण आणि सफाई करायला लागला. दिवसा फावडं, रात्री पुस्तकं. कॉलेजचं तोंडही न पाहता १८८६ मध्ये तो कंपनीचा सुपरिंटेंडंट झाला. १९०२ मध्ये शहराने कंपनी विकत घेतली. कुठे पाइप, कुठे व्हॉल्व्ह हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, म्हणून शहराने त्यालाही ठेवून घेतलं.

शहर लॉस एंजेलिस नावाच्या छोट्याशा नदीवर जगत होतं. तिच्यावर शहराचा स्पॅनिश काळापासूनचा हक्क होता, पण हक्क असला म्हणून पाणी वाढत नाही ना! १९०४ च्या उन्हाळ्यात मागणी आवकेच्या पुढे गेली. आसपासच्या नद्या लहान, त्यांचं पाणी आधीच शेतीला लागलेलं. उरली सिएरा नेवाडाच्या पूर्वेची ओवेन्स नदी. लांब, पण शहरापेक्षा खूप उंचावर. म्हणजे एकही पंप न लावता पाणी येणार.

अडचण एकच, तिथेही शेतकरी होते आणि सरकारची त्यांच्यासाठी सिंचन योजना चालू होती. माजी महापौर फ्रेड ईटनने खरा हेतू न सांगता पाण्याच्या हक्कासकट जमिनी घेतल्या. १९०६ मध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी शहराची बाजू घेतली. १९०७ मध्ये मतदारांनी २ कोटी ३० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि ५ नोव्हेंबर १९१३ ला २३३ मैलांवरून पाणी शहरात आलं. मुलहॉलंड हीरो झाला.

तिकडे खोरं सुकत गेलं. ओवेन्स सरोवर कोरडं पडलं. १९२४ मध्ये चिडलेल्या लोकांनी कालवा डायनामाइटने उडवला. पाण्याचा साठा शहराजवळ हवा म्हणून मुलहॉलंडने सेंट फ्रान्सिस धरण बांधलं. काम चालू असताना उंची दोनदा वाढवली, पायाची रुंदी मात्र तेवढीच ठेवली. १२ मार्च १९२८ ला गळती दिसली. त्याने स्वतः पाहून धरण सुरक्षित ठरवलं. त्याच मध्यरात्रीच्या आधी धरण फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. चौकशीत त्याने दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवलं नाही, दोष स्वतःवर घेतला. इतकं मोठं धरण एकाच माणसाच्या भरवशावर सोडू नये, असं चौकशीत ठरलं. त्याने पद सोडलं आणि २२ जुलै १९३५ ला तो वारला.

पुढे त्या कोरड्या सरोवराची धूळ खोऱ्यातल्या लोकांच्या छातीत जायला लागली. २००१ पासून ती दाबण्यासाठी शहराला तिथेच पाणी सोडावं लागलं.

या सेमिस्टरला आम्ही पाण्याच्या स्रोतांचा तुलनात्मक तक्ता केला. पाणी किती, अंतर किती, खर्च किती. मुलहॉलंडचा तक्ता या रकान्यांत अगदी बरोबर होता. आधी ते पाणी कुणाचं होतं आणि आपला अंदाज तपासणार कोण, हे दोन रकाने त्यात नव्हते. आमच्याही नव्हते. सबमिशनच्या आदल्या रात्री मी ते पेन्सिलने काढले. पहिल्या रकान्यात काय लिहायचं, ते उद्या रांगेत त्या दोघांना विचारणार आहे.