रंग पाहुण्याचा, वजन स्वतःचं

सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला झाडांचे जीवाश्म पाहायला गेलेला माणूस आधी ओंडक्यावर हात ठेवतो. डोळ्यांना लाकूड दिसतं, हाताला दगड लागतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी ही झाडं नदीच्या गाळात गाडली गेली. जमिनीतलं पाणी त्यांच्यात मुरत राहिलं आणि त्या पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडाच्या कणाकणांत बसत गेली. लाकूड संपलं, आकार उरला. हीच सिलिका मोकळ्या जागेत सावकाश जमली तर सहा बाजूंचा पारदर्शक स्फटिक होतो, आणि थरांवर थर बसत गेले तर अकीक. सिलिका मुळात बिनरंगी. तिच्यात लोहाचा अंश मिसळला की पिवळा, तपकिरी, तांबडा रंग चढतो. कितीतरी जणांच्या बोटातल्या अंगठीतला लाल अकीक लोहामुळेच लाल असतो.

दगड आणि त्याचा रंग या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहायला हजार वर्षांपूर्वी एका माणसानं सुरुवात केली होती. त्यांचं नाव अबू रैहान अल-बिरुनी.

बिरुनींचा जन्म ९७३ साली ख्वारिज्ममधल्या काथ शहरात झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. अबू नस्र मन्सूर हे राजघराण्यातले गणिती त्यांचे उस्ताद. तरुणपणीच बिरुनी ग्रह-ताऱ्यांची मोजमापं करू लागले. पण तो काळ सत्तापालटांचा होता. राज्यं बदलली तशी त्यांना गावं बदलावी लागली. १०१७ साली गझनीच्या महमूदानं ख्वारिज्म जिंकलं आणि इतर विद्वानांबरोबर बिरुनींनाही गझनीला नेलं. पुढचं आयुष्य त्यांनी त्याच दरबाराच्या सावलीत काढलं.

महमूदाच्या स्वाऱ्यांबरोबर हिंदुस्थानातून सोनं आणि जवाहिर गझनीला जात होतं. बिरुनी हिंदुस्थानात आले ते पोथ्या आणि पंडित शोधत. ते संस्कृत शिकले. पतंजलींचं योगशास्त्र त्यांनी अरबीत नेलं आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावरचा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. या स्वाऱ्यांनी इथली भरभराट उद्ध्वस्त केली, इथली विद्या दूरदूरच्या गावांत पांगली, हेही त्यांनी त्यात स्पष्ट लिहून ठेवलं. सुलतानाच्या मुलखात राहून असं लिहायला धैर्य लागतं.

याच ग्रंथात नदीतल्या दगडांचंही निरीक्षण आहे. डोंगराजवळ, जिथं प्रवाह जोराचा, तिथं गोटे मोठे असतात. पुढं ते लहान होत जातात आणि समुद्राजवळ नुसती वाळू उरते. यावरून त्यांनी अंदाज बांधला, की उत्तर हिंदुस्थानचं मैदान पूर्वी समुद्र असावं आणि नद्यांच्या गाळानं ते भरून आलं असावं. प्राणहिता आणि गोदावरीच्या काठावर राहणाऱ्यांना हा हिशेब सांगावा लागत नाही. पावसाळा सरला की नदी तो वाळूत मांडून ठेवते.

उतारवयात, महमूदाचा नातू मौदूद गादीवर असताना, बिरुनींनी जवाहिरांवर ‘किताब अल-जमाहिर’ हा ग्रंथ लिहिला. त्या काळी रत्नांभोवती कहाण्यांचं जाळं होतं. पाचूकडे, म्हणजे जमुर्रदकडे, पाहिलं की सापाचे डोळे फुटतात, असं मोठमोठे लेखकही लिहून गेले होते. बिरुनींनी साप आणला. त्याच्या गळ्यात पाचूची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, डोळ्यांसमोर पाचूंची माळ हलवून पाहिली. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मिळून नऊ महिने हा प्रयोग चालला. सापाच्या नजरेला काहीही झालं नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. याकूत म्हणजे माणिक, आणि बदख्शानचा लाल. दोन्ही तांबडे, दोन्ही झळाळणारे. यातलं कोणतं काय, हे डोळ्यांनी कसं ओळखायचं? बिरुनींनी बाजूला चोच असलेलं एक निमुळतं भांडं बनवलं. ते पाण्यानं काठोकाठ भरायचं, खडा आत सोडायचा, चोचीतून सांडलेलं पाणी जमवून तोलायचं. खड्याचं वजन आणि त्यानं बाहेर ढकललेल्या पाण्याचं वजन यांची तुलना केली, की खडा किती घन आहे ते कळतं. याकूत त्याच आकाराच्या पाण्याच्या सुमारे चौपट भरतो, लाल सुमारे साडेतीनपट. दोन्ही दगड वेगळे आहेत, हा निकाल तराजूनं दिला. युरोपात हा फरक अठराव्या शतकाच्या अखेरीस पक्का झाला. इंग्लंडच्या राजमुकुटातलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ शतकानुशतकं माणिक म्हणून मिरवलं. प्रत्यक्षात तो लाल आहे.

डोळा का फसतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. याकूत आणि लाल या दोघांनाही तांबडा रंग देतं ते क्रोमियम, तेही नाममात्र. जमुर्रद हिरवा होतो तोही बहुधा क्रोमियमनंच. पाहुणा एकच, घर बदललं की रंग बदलतो. उलट माणिक आणि नीलम एकमेकांहून किती वेगळे दिसतात! पण दोघांचा देह एकच, कुरुंदाचा. तो शुद्ध असता तर बिनरंगी राहिला असता. क्रोमियम आलं तर माणिक, लोह आणि टायटॅनियम आलं तर नीलम. रंग बाहेरून आलेल्या चिमूटभर अंशाचा. वजन मात्र त्या दगडाचं स्वतःचं.

याच ग्रंथाच्या सुरुवातीला बिरुनींनी संपत्तीचाही विचार केला आहे. सोन्या-चांदीची किंमत माणसांनी आपल्या व्यवहारासाठी ठरवली, ती हातोहात फिरण्यासाठी आहे, पुरून ठेवली तर तिचा उपयोग संपतो, असा त्यांचा रोख आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला घरोघरी दागिने तोलले जातात, तेव्हा हा विचार आठवण्याजोगा आहे. जकात वजनावर निघते, चकाकीवर नाही.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. खगोलशास्त्रावरच्या ग्रंथासाठी सुलतान मसूदनं त्यांना हत्तीवर लादून चांदी पाठवली. मला तिची गरज नाही, असं कळवून बिरुनींनी ती परत केली.

सुमारे १०४८ साली गझनीत त्यांचं निधन झालं. अखेरच्या घटकेला एक फकीह भेटायला आले. श्वास लागलेला असतानाही बिरुनींनी त्यांना वारसाहक्काचा एक अडलेला प्रश्न विचारला. अशा वेळी कशाला, असं पाहुण्यांना वाटलं. पण न समजता जाण्यापेक्षा समजून जाणं बरं, असं बिरुनींचं म्हणणं पडलं. फकीहांनी उत्तर समजावलं, बिरुनींनी ते पुन्हा म्हणून पक्कं केलं. निरोप घेऊन फकीह रस्त्यावर पोहोचतात तोच घरातून रडण्याचा आवाज आला.