हँडल ते सेल्फ: गाडी बटणावर चालू करणारा चार्ल्स केटरिंग

आमच्या आजोबांचं उजवं मनगट शेवटपर्यंत थोडं वाकडंच राहिलं. कशेळे ते कर्जत स्टेशन अशी ते भाड्याची पेट्रोल जीप चालवायचे. सेल्फचं बटण पायाशी होतं, पण पावसाळ्यात बॅटरी बसली की ते बटण असून नसल्यासारखंच. मग पुढच्या बंपरमधून लोखंडी हँडल घालायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. एका सकाळी इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल गर्रकन मागे आलं आणि मनगट मोडलं. हाड नीट बसलंच नाही.

लहानपणी मला वाटायचं, हे फक्त आपल्याच घरात झालं. इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की मोटारींच्या सुरुवातीच्या काळात असे हात जगभर मोडत होते. आणि या हँडलपासून सुटका करून देण्यात सगळ्यात मोठा वाटा ज्याचा, त्याला स्वतःला नीट दिसतही नव्हतं. त्याचं नाव चार्ल्स केटरिंग. आज तुम्ही स्कूटरचं बटण दाबून कॉलेजला निघता, त्याची सुरुवात या माणसापासून होते.

आधी हे समजून घ्या: हँडल का मारावं लागायचं?

पेट्रोल इंजिन स्वतःहून चालू होऊ शकत नाही. आधी त्याने हवा आणि पेट्रोल आत ओढायला हवं, मग ते दाबायला हवं, मग ठिणगी पडणार आणि मग कुठे ताकद मिळणार. पण आत ओढायला आणि दाबायला इंजिन फिरायला हवं! म्हणून पहिले एक-दोन फेरे बाहेरून कोणीतरी द्यावे लागतात. जुन्या काळी हे काम माणसाचा हात करायचा.

धोका कुठे होता? पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडली, तर स्फोट पिस्टनला उलट्या दिशेने ढकलतो. तो झटका थेट हँडलवर येतो. म्हणून जाणते ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचे, मुठीसारखा पलीकडून आवळायचे नाहीत. आणि हँडल खाली दाबण्यापेक्षा वर ओढायचे. जुन्या बुलेटची किक ज्यांनी घोट्यावर खाल्ली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

डोळे अधू, डोकं तेज

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी घरात झाला. लहानपणापासून नजर कमजोर. वाचलं की डोकं ठणकायचं. तरी शिकला, काही काळ शाळेत शिकवलं आणि मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. डोळ्यांमुळे शिक्षण मध्येच सोडावं लागलं. त्या काळात तो टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत खांब उभारायच्या कामाला लागला. नंतर पुन्हा कॉलेजात परतला. सोबतचे मित्र त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे. १९०४ साली त्याला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री मिळाली, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

मी आज साधारण त्याच वयाचा आहे. बॅचमेट पुढे गेले, आपण मागे राहिलो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

गल्ल्यातून आली आयडिया

डिग्रीनंतर डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. कॅश रजिस्टर म्हणजे दुकानातला हिशेबाचा गल्ला. तो तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचा. केटरिंगने त्याला छोटी विजेची मोटर बसवली.

इथे गंमत आहे. गल्ला दिवसभर फिरत नाही, फक्त क्षणभर झटका मारतो. मग मोटर दिवसभर चालायच्या हिशेबाने मोठी कशाला हवी? लहान मोटरवर क्षणभर तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायलाही वेळ लागतो.

तुमचा फोन हेच करतो. ॲप उघडताना प्रोसेसर काही सेकंद पूर्ण जोरात धावतो. तितकाच जोर अर्धा तास गेम खेळताना लावला की फोन तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. थोडा वेळ जास्त ताकद वेगळी, सतत ताकद वेगळी. केटरिंगला हा फरक शंभर वर्षांपूर्वी नेमका कळला होता.

कॅडिलॅकचं काम

१९०९ मध्ये केटरिंगने सहकारी एडवर्ड डीड्स याच्यासोबत डेल्को कंपनी काढली. काम डीड्सच्या घरामागच्या धान्याच्या कोठारात चालायचं. गिऱ्हाईक होतं कॅडिलॅक कंपनी, तिचा प्रमुख हेन्री लेलँड.

असं सांगतात की लेलँडचा मित्र बायरन कार्टर रस्त्यात बंद पडलेली एक गाडी हँडल मारून चालू करायला गेला, हँडल उलटं आलं, जबडा मोडला आणि पुढे त्यातूनच तो गेला. ही गोष्ट लेलँडच्या मनाला फार लागली. हँडल नको, दुसरा काहीतरी मार्ग काढा, असं काम केटरिंगकडे आलं.

बऱ्याच जाणकारांचा हिशेब असा होता की इंजिन फिरवायला जी मोटर लागेल, ती आणि तिची बॅटरी गाडीत मावणारच नाही. पण ते सतत चालणाऱ्या मोटरचा हिशेब करत होते. केटरिंगने गल्ल्याचा हिशेब लावला. शिवाय एकाच यंत्राकडून दोन कामं घेतली: आधी मोटर बनून इंजिन फिरवायचं आणि इंजिन चालू झालं की जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ही सोय कंपनीकडूनच आली. त्यासाठी ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबने कॅडिलॅकला मानाची डेवार ट्रॉफी दिली.

परिणाम मोठा झाला. आता गाडी चालवायला दंडात ताकद लागत नव्हती. बायका, म्हातारी माणसं, कोणीही एकटं गाडी काढू शकत होतं.

ब्रिटिश गाड्या आणि आपलं हँडल

मग आजोबांच्या जीपला हँडल कसं राहिलं? कारण सेल्फ आला तरी हँडल लगेच गेलं नाही. ब्रिटिश गाड्यांनी तर ते फार जपलं. मॉरिस मायनरसारख्या गाडीत सेल्फ असूनही पुढून हँडल घालायची सोय होती. थंडीत बॅटरी बसली तर दुसरा आधार! मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेल्या आपल्या अँबॅसिडरच्या बंपरलाही हँडलसाठी भोक असायचं.

सेल्फही टप्प्याटप्प्याने बदलत गेला. स्टार्टर मोटर शंभर अँपियरच्या वर करंट ओढते. तुमचा फोनचा चार्जर साधारण दोन-तीन अँपियर देतो. एवढा करंट नेणारी जाड वायर डॅशबोर्डपर्यंत आणणं अवघड. म्हणून एमजीसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत एक मूठ ओढायची, तिची तार इंजिनाजवळचा मोठा स्विच दाबायची. पुढे सॉलेनॉइड आला. बारीक वायरमधला छोटा करंट मोठा स्विच चालू करू लागला आणि काम चावीवर आलं.

दात अडकवायची पद्धतही बदलली. आधी बेंडिक्सची युक्ती होती: मोटर जोरात फिरली की आट्यांवरचं छोटं चाक झटक्याने पुढे सरकून इंजिनाच्या मोठ्या चाकात जाऊन बसायचं. खडाक आवाज यायचा, दात झिजायचे, कधी अडकूनच बसायचे. मग गाडी गिअरमध्ये टाकून पुढेमागे हलवायची. नंतरच्या स्टार्टरमध्ये सॉलेनॉइड आधी चाक हळूच पुढे सरकवतो आणि मगच मोटर फिरते.

दुसरी बाजूही सांगायला हवी

केटरिंग इथेच थांबला असता, तर ही सरळसोट कौतुकाची गोष्ट झाली असती. डेल्को पुढे जनरल मोटर्समध्ये गेली आणि तिथल्या संशोधन विभागाचा तो १९४७ पर्यंत प्रमुख होता. १९२१ मध्ये त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने शोधलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की इंजिन खडखडत नाही. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. तरी माल बाजारात आला तो इथिल या नावाने, नावात शिशाचा पत्ता नव्हता. ते बनवताना कामगारांचे जीव गेले, तरी विक्री पुन्हा सुरू झाली. त्या कंपनीचा पहिला अध्यक्ष केटरिंगच होता.

हे शिसं गाड्यांच्या धुरातून जगभरच्या मुलांच्या रक्तात गेलं, आणि शिशाचा सगळ्यात जास्त त्रास वाढत्या मेंदूला होतो. भारतात शिसेवालं पेट्रोल पूर्ण बंद व्हायला २००० साल उजाडलं. म्हणजे आजोबांच्या जीपमध्येही तेच पेट्रोल होतं. ज्या माणसाने लोकांचे हात वाचवले, त्यानेच त्यांच्या हवेत विष सोडायला हातभार लावला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादं फीचर चाललं की आम्ही खूश होतो. ते वापरणाऱ्याचं पुढे काय होईल, हा प्रश्न मीटिंगमध्ये क्वचितच येतो. केटरिंगबद्दल वाचल्यापासून तो प्रश्न मीच विचारायला लागलोय.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग गेला. नावावर १८० च्या वर पेटंट होती. कॅन्सरच्या संशोधनासाठी त्याने उभ्या केलेल्या संस्थेत आजही त्याचं नाव आहे.

आणि आता?

१९१२ च्या आधी विजेवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर होत्या. हँडल मारावं लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. केटरिंगने विजेची मोटर पेट्रोल गाडीत बसवली आणि तो फायदाच संपला. पेट्रोल स्वस्त, पल्ला लांब. विजेच्या गाड्या मागे पडत गेल्या. आज इलेक्ट्रिक स्कूटर परत आल्यात आणि त्यांना स्टार्टर लागतच नाही, कारण विजेची मोटर पहिल्या क्षणापासून स्वतःच जोर लावते.

आजोबांची जीप कधीच भंगारात गेली. हँडल मात्र अजून पडवीत खुंटीला लटकलेलं आहे. मी गावी गेलो की ते हातात घेतो, आणि अंगठा आपोआप बाकीच्या बोटांच्या बाजूला जातो. धरायचं कसं, ते आजोबांनीच शिकवलं होतं.