पडद्याआडचा कॅमेरा

मैत्रिणींनो, तुमच्या घरात पणजीचा फोटो आहे का? आमच्याकडे पणजोबांचा आहे, फेटा बांधून ऐटीत खुर्चीत बसलेले. पणजीचा मात्र नाही. परक्या पुरुषापुढे बसून फोटो काढून घ्यायचा, हे त्या काळी कोण खपवून घेणार? आमचं जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणून त्या राज्यात फोटो काढायचं कोण, हे मी शोधायला लागले आणि भेटले राजा दीनदयाळ.

१८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीला इंजिनिअरिंग शिकून १८६६ साली ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. कॅमेरा हाती आला तो साधारण १८७४ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, तोही छंद म्हणून! सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याने प्रोत्साहन दिलं. पुढे लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढले. पेन्शनीची नोकरी सोडून फोटोंवर संसार चालवायचा, केवढं धाडस हे! सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केलं, पुढे मुसव्विर जंग राजा बहादूर असा किताबही दिला. व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. सिकंदराबादपाठोपाठ मुंबईतही स्टुडिओ निघाला.

पण मला सगळ्यात भावलं ते त्यांचं १८९२ सालचं काम. हैदराबादेत त्यांनी खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत एकही पुरुष नाही. कॅमेरा मिसेस केनी-लेविक या बाईंच्या हातात आणि मदतीला इथल्याच बायका. काचेच्या जड प्लेटा सांभाळायच्या, अंधाऱ्या खोलीत त्या धुवायच्या, असं त्या काळचं हे काम. घराण्याची रीत न मोडता पडदानशीन बाईला आपला चेहरा कागदावर बघता आला. राजवाड्यातल्या नि बड्या घरच्याच बायका तिथं गेल्या असणार, हे खरं. पण वाट तर पडली!

दीनदयाळांचा कॅमेरा नुसता शिकारी नि मेजवान्यांतच रमला नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जी मदतकामं झाली, त्यांचे फोटो त्यांच्या स्टुडिओने काढले. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं, आपला वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. ती हाडकुळी माणसं बघितली की पोटात कालवतं. ही आपलीच माणसं की!

१९०५ साली दीनदयाळ गेले. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. दीपाली देवन आणि डेबोरा हटन या दोघींनी मिळून त्यांच्यावर अभ्यास केला, त्याचं पुस्तक २०१३ साली आलं. पडद्याआडच्या बायकांसाठी स्टुडिओ काढणाऱ्या माणसाचा इतिहास शंभर वर्षांनी दोन बायकांनी लिहावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राजेरजवाड्यांचे फोटो सांभाळायला संस्था आहेत. आपल्या ट्रंकेतले कोण सांभाळणार? आपणच ना! वाळवी लागायच्या आत ते बाहेर काढा. घरातल्या जाणत्या बाईला शेजारी बसवा, कोण कुणाची कोण ते विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढ्यावर थांबू नका हं. तिचं स्वतःचं नाव लिहा, माहेरचंसुद्धा.