कर्मवीर भाऊराव पाटील : स्वावलंबी शिक्षणाचे शिल्पकार

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरात आनंदाबरोबर एक चिंताही प्रवेश करते. पुढील शिक्षण कोठे घ्यावयाचे, ते किती वर्षांचे, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा आणि त्या शिक्षणाच्या अखेरीस मुलगा अथवा मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहील काय, असे अनेक प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. संपन्न कुटुंबात हा निवडीचा प्रश्न असतो. सामान्य कुटुंबात मात्र शिक्षण पुढे चालू ठेवावयाचे की तेथेच थांबावयाचे, इतका तो मूलभूत असतो. महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार केवळ सहानुभूतीने नव्हे, तर जमाखर्चाच्या नजरेने करून त्याचे व्यवहार्य उत्तर ज्यांनी उभे केले, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी आहे. स्वतः भाऊराव मॅट्रिकची पायरी ओलांडू शकले नव्हते, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानी घेण्यासारखी आहे.

जन्म व जडणघडण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ घराणे कर्नाटकातील मूडबिद्री येथील. पुढे ते वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते. मातोश्रींचे नाव गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले आणि इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले. तेथे राजाराम हायस्कूलमध्ये प्रवेश घेऊन ते दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

त्या काळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली होती. खेड्यातील मुलाला शाळेच्या फीपेक्षा शहरात राहण्याजेवण्याचा खर्च अधिक जड जातो, हे महाराजांनी ओळखले होते. वसतिगृह हे गरिबाच्या शिक्षणाचे खरे प्रवेशद्वार आहे, हा धडा भाऊरावांना कोल्हापुरातच मिळाला.

मात्र याच बोर्डिंगमधून त्यांना बाहेरही पडावे लागले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर भोजनगृहात जाण्यापूर्वी स्नान करून शुद्ध व्हावे, अशी अपेक्षा केली गेली आणि त्यांनी ती स्पष्टपणे नाकारली. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर काही काळ ते शाहू महाराजांच्या सहवासात राहिले. शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले; परंतु एका मुलाचे राहण्याचे ठिकाण सुटले तर त्याचे शिक्षण कसे डळमळीत होते, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला.

पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरातील राजपुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणले गेले. लठ्ठे हे त्याच जैन बोर्डिंगच्या व्यवस्थेशी निगडित होते; जुना राग काढण्याची संधी चालून आली होती. परंतु भाऊरावांनी कारावास पत्करला आणि खोटी साक्ष दिली नाही. सत्याचे मोल मोजण्याची ही तयारी त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसून येते.

व्यापारातील अनुभव

उपजीविकेसाठी भाऊरावांनी प्रथम साताऱ्यात शिकवण्या केल्या. १९१० मध्ये स्नेह्यांच्या साहाय्याने दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम सुरू केला. त्यानंतर ओगले यांच्या काच कारखान्याचे आणि पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे फिरते विक्रेते म्हणून त्यांनी काम केले. साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा काही काळ संबंध आला. मात्र मतभेद झाल्याने ते तेथून बाहेर पडले.

चरित्रकार या कालखंडाचा उल्लेख अनेकदा ओझरता करतात. वस्तुतः भाऊरावांच्या शैक्षणिक योजनेची बैठक याच काळात तयार झाली. नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाला शेतकऱ्याची ऐपत अचूक कळते. त्याच्याकडे रोख पैसा केव्हा येतो, कर्ज कशासाठी निघते, सुगीनंतर कणगीत किती धान्य उरते आणि हुशार मुलाला शाळेतून काढून गुराखी का केले जाते, हे सर्व भाऊरावांनी डोळ्यांनी पाहिले. शेतकऱ्याजवळ पैसा नसतो. परंतु मूठभर धान्य असते आणि त्याच्या मुलाच्या अंगी कष्टाची सवय असते. हेच भांडवल धरून शिक्षण उभे करता येईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र सातारा येथे आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. सवर्ण आणि अस्पृश्य मुले एकाच पंक्तीत बसून, स्वतः शिजवलेले अन्न सेवन करीत असल्याचे पाहून गांधीजींना मोठे समाधान वाटले.

या वसतिगृहाचा खर्च कसा भागत होता, हे पाहण्यासारखे आहे. भाऊरावांनी शिक्षणाच्या खर्चाचे भाग पाडले : भोजन, निवास, फी आणि पुस्तके. भोजनासाठी गावोगाव मुष्टिफंड गोळा केला जाई. गृहिणीने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि ते बोर्डिंगसाठी द्यावयाचे. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे मुले स्वतः करीत. त्यामुळे नोकरांचा खर्च वाचे. शेतात व बागेत मुलांनी श्रम करून भाजीपाला पिकवावा, इमारतीसाठी दगडमाती वाहावी, असा प्रघात पडला. अशा प्रकारे जो खर्च एका गरीब पित्यास अशक्य होता, त्याचे लहान लहान तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्यास धनी मिळाला.

लक्ष्मीबाईंचा त्याग

परंतु जमाखर्चाची तोंडमिळवणी नेहमीच होत नसे. बोर्डिंगमध्ये धान्य संपले आणि भाऊराव फिरतीवर असले, म्हणजे भार त्यांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाईंवर पडे. त्या सधन घरातून आल्या होत्या. अंगावर सोने होते. बोर्डिंगमधील मुलांच्या जेवणासाठी एकेक दागिना गेला आणि एका प्रसंगी सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही त्यांनी मोडावयास दिले. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी पोसलेल्या मुलांपैकी पहिली पिढी अद्याप शिकतच होती. स्वावलंबी शिक्षणाची कथा सांगताना हे ऋण विसरता येणार नाही. श्रमाने खर्च कमी होतो. तो नाहीसा होत नाही, आणि उरलेला भाग कोणीतरी निमूटपणे भरीत असतो.

पायरीपायरीची योजना

भाऊरावांच्या दूरदृष्टीचे मर्म असे, की त्यांनी केवळ शाळा काढल्या नाहीत. एका पायरीवरून मूल दुसरीवर कसे जाईल याची व्यवस्था केली. १९३२ मध्ये, पुणे कराराच्या स्मरणार्थ, त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू केले. उच्च शिक्षणासाठी ग्रामीण मुलांना पुण्यासारख्या शहरी जावे लागे. तेथे त्यांना अल्प खर्चात निवारा मिळाला.

१९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. हे पाऊल विशेष विचारपूर्वक टाकलेले होते. ज्या मुलास घरच्या परिस्थितीमुळे दीर्घकाळ शिकणे शक्य नव्हते, त्याने प्राथमिक शिक्षकाचे प्रशिक्षण घ्यावे, लवकर मिळवता व्हावे आणि आपल्याच भागातील शाळेत शिकवावे. त्यायोगे एका घरास वेतन आणि एका गावास गुरुजी, असा दुहेरी लाभ झाला. संस्थेने काढलेल्या शेकडो व्हॉलंटरी शाळांना शिक्षक मिळण्याचा मार्गही त्यामुळे सुकर झाला.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. येथे श्रमाच्या मोबदल्यात निःशुल्क माध्यमिक शिक्षणाची सोय होती. त्यापुढील पायरी म्हणून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजची स्थापना झाली आणि कमवा व शिका ही योजना पदवीपर्यंत पोहोचली. रोज काही तास शेतात अथवा बांधकामावर काम करावयाचे आणि उर्वरित वेळ अध्ययनास द्यावयाचा, असा तेथील क्रम होता. १९५४ मध्ये कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आणि १९५५ मध्ये साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. ज्यांना श्रमाच्या कमाईपलीकडे खर्च येई, त्यांच्यासाठी लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक सहकारी पतपेढी उभी राहिली. शिकताना कर्ज घ्यावयाचे, मिळवते झाल्यावर ते फेडावयाचे आणि त्याच पैशातून पुढच्या विद्यार्थ्याची सोय व्हावयाची, हा सहकाराचा मार्ग होता.

या योजनेचे फळ पाहावयाचे तर बॅरिस्टर पां. ग. पाटील यांचे उदाहरण पुरेसे आहे. भाऊरावांच्या छत्राखाली वाढलेला हा गरीब विद्यार्थी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला, शिवाजी कॉलेजचा प्राचार्य झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद त्याने भूषविले. ज्येष्ठ विचारवंत प्रा. एन. डी. पाटील यांनीही तरुणपणी शिवाजी कॉलेजात अध्यापन करताना कमवा व शिका योजनेच्या रेक्टरपदाची धुरा सांभाळली होती.

कसोटी आणि अखेर

१९४८ च्या सुमारास मुंबई सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. हा आघात मोठा होता. तथापि शिक्षकांनी ओढग्रस्तीत दिवस काढले, लोकांनी धान्य दिले, मुलांनी अधिक श्रम केले आणि शाळा चालू राहिल्या. संत गाडगेबाबांनीही या प्रसंगी भाऊरावांची बाजू घेतली व पुढे अनुदान पूर्ववत झाले. अनुदान घ्यावे, देणगी घ्यावी. परंतु केवळ त्यावर विसंबून राहू नये, ही भाऊरावांची शिकवण त्या काळात कसोटीस उतरली.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी प्रदान केली. मॅट्रिकही न झालेल्या शिक्षणमहर्षीचा हा यथोचित गौरव होता. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. १९८८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. २०१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेने शताब्दी पूर्ण केली, तर २०२१ मध्ये संस्थेच्या महाविद्यालयांचे मिळून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. वटवृक्ष हे बोधचिन्ह असलेल्या संस्थेच्या पारंब्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही रुजल्या आहेत. त्यांची कमवा व शिका योजना अनेक विद्यापीठांनीही स्वीकारली.

आजच्या काळासाठी बोध

आज परिस्थिती पालटली आहे. वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी शिक्षणाची फी रोजच्या काही तासांच्या श्रमातून भरून निघणे कठीण आहे, हे मान्य करावयास हवे. श्रमाचा भार अभ्यासावर पडतो, हाही आक्षेप गैर नाही. तरीही भाऊरावांची पद्धत जुनी झालेली नाही. खर्चाचा एकच डोंगर न पाहता भोजन, निवास, फी आणि पुस्तके असे त्याचे भाग पाडावेत. कोणता भाग शिष्यवृत्तीतून, कोणता स्वकष्टातून आणि कोणता कर्जातून भागेल याचा हिशेब प्रवेशापूर्वी मांडावा. लवकर मिळवते करणारा अभ्यासक्रम निवडण्यात कमीपणा मानू नये, कारण एका पायरीवर उभे राहून पुढची पायरी गाठता येते. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढे केले, तरी अनेक घरांतील निकालानंतरची चिंता हलकी होईल.

समाजातील दात्यांसाठीही या चरित्रात एक विचार आहे. गुणवंताचा सत्कार आणि एकदाच दिलेली मदत यांचे मोल आहेच. परंतु परगावी शिकणाऱ्या मुलाला तीन-चार वर्षे छप्पर, दोन वेळचे अन्न आणि सन्मानाने करता येईल असे काम मिळाले, तर त्याचे शिक्षण मध्येच तुटत नाही. जैन परंपरेने आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने सांगितली आहेत. भाऊरावांच्या बोर्डिंगमध्ये आहारदान आणि ज्ञानदान एकाच पंक्तीत बसले, आणि त्या पंक्तीतून उठलेला विद्यार्थी कोणाचाही मिंधा न होता आपल्या गावी शिक्षक म्हणून परतला.