डॉक्टर हाफकिन व पटकीची लस

पटकी म्हणजे काय, हे आमच्या वणीकडील खेड्यापाड्यांस सांगावयास नको. सकाळी औत धरणारा धडधाकट गडी सायंकाळी खांद्यावर उचलावा लागे, असा तो आतड्यांचा रोग. पलटणींची गतही तीच. छावणीचे पाणी नासले की शिपाई शत्रूचे तोंड न पाहताच मरत. ह्या रोगास आळा घालण्यासाठी झटलेल्या डॉक्टर वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

ते यहूदी कुळातले. रशियाच्या राज्यातील ओडेसा शहरी १८६० साली जन्मले, व पुढे पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत काम करू लागले. तेथे त्यांनी पटकीच्या जंतूंपासूनच तिची लस तयार केली. पण ती प्रथम टोचावी कोणास? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतःसच टोचून घेतले. ताप आला व उतरला. आपल्या लेकरांस टोचावयास नेताना आमच्यापैकी कित्येक अजूनही कचरतात. त्यांनी ह्या गोष्टीचा विचार करावा.

१८९३ साली ते कलकत्त्यास आले. आग्र्यापासून आरंभ करून छावण्यांतील शिपाई, तुरुंगांतील कैदी, चहाच्या मळ्यांतील मजूर अशा ४०,००० हून अधिक लोकांस त्यांनी अडीच वर्षांत टोचले. एकाच घरात राहून एकच पाणी पिणाऱ्यांपैकी टोचलेले किती मेले व न टोचलेले किती, ह्याची ते नोंद ठेवीत. टोचलेल्यांत मृत्यू पुष्कळच कमी निघाले. त्यांचाच कित्ता गिरवून विलायतेत आल्मराथ राईट यांनी सैन्याकरिता विषमज्वराची लस केली. बोअर युद्धात ती थोड्याच शिपायांनी घेतली, आणि गोळीने मेले त्यांहून रोगाने अधिक मेले.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. हाफकिन तेथे धावले, प्लेगची लस केली, व १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम आपल्याच अंगी टोचून घेतली.

पुढे मात्र त्यांजवर मोठे अरिष्ट आले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांजवर, ठेवण्यात आला व त्यांची जागा गेली. खरे पाहता बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. नामांकित शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली, तेव्हा १९०७ साली ते दोषमुक्त झाले. निरपराध मनुष्याने पाच वर्षे हा डाग वागवावा, हे वाचून आमचे मन फार कष्टी झाले. ते पुन्हा ह्या देशी आले, पण कलकत्त्यास; मुंबईची जागा त्यांस परत मिळाली नाही.

परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले, व १९३० साली स्वित्झर्लंडात लोझान येथे ते वारले. त्यांनी लग्न केले नव्हते.