कै. दादासाहेब मावळंकर आणि बंदुकीची नेमबाजी

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत संगमेश्वर तालुक्यांत मावळंगे नांवाचें गांव आहे. त्या गांवावरून ज्यांस आडनांव मिळालें त्या मावळंकर घराण्यांतील एक पुरुष स्वतंत्र भारताच्या लोकसभेचा पहिला अध्यक्ष झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु रायफलीच्या नेमबाजीची एक मोठी अखिल भारतीय स्पर्धा त्याच पुरुषाच्या नांवानें भरते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. पेशानें वकील, व्रतानें सत्याग्रही; त्याचा रायफलीशीं संबंध तो काय, असा प्रश्न आम्हांसही प्रथम पडला होता.

गणेश वासुदेव मावळंकर ऊर्फ दादासाहेब यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजीं बडोदें येथें झाला. त्यांचें प्रारंभींचें शिक्षण राजापूर व मुंबई इलाख्यांतील इतर गांवीं झालें. १९०२ सालीं ते अहमदाबादेस गेले. तेथील गुजरात कॉलेजांतून १९०८ सालीं शास्त्र विषय घेऊन ते बी. ए. झाले, १९१२ सालीं वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले व पुढच्या वर्षीं अहमदाबादेसच वकिली करूं लागले. कोंकणचा माणूस परमुलुखीं जातो यांत नवल नाहीं. पण त्या मुलुखाशीं इतका एकजीव होतो कीं तेथील लोक त्यास नगरपालिकेचा अध्यक्ष करतात आणि तो त्यांच्याच भाषेंत ग्रंथ लिहितो, हें मात्र विरळा. दादासाहेबांचें तसें झालें. वल्लभभाई पटेल व महात्मा गांधी यांच्या सहवासांत आल्यावर असहकारिता व मिठाचा सत्याग्रह या चळवळींत ते पडले आणि निरनिराळ्या वेळीं मिळून सुमारें सहा वर्षें त्यांनीं तुरुंगांत काढलीं. तुरुंगांत भेटलेल्या गुन्हेगारांच्या हकीकती त्यांनीं पुढें ‘मानवतानां झरणां’ या गुजराती पुस्तकांत सांगितल्या. चोर-दरोडेखोरांत माणुसकी शोधणाऱ्या ह्या वकिलाविषयीं आमचा आदर त्या पुस्तकामुळें विशेष आहे.

१९३७ सालीं ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्यें मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदासाठीं सर कावसजी जहांगीर यांच्याशीं त्यांचा सामना झाला आणि ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनीं ते निवडून आले.

आतां बंदुकीकडे वळूं. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें आपल्या लोकांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई झाली; यूरोपियनांस मात्र त्यांतून सूट होती. त्यामुळें उत्तम रायफलींचे संग्रह पाहावयाचे तर ते संस्थानिकांच्या वाड्यांत किंवा साहेबांच्या बंगल्यांत. आमच्या कोंकणांतील शेतकऱ्याजवळ फार तर रानडुकरें व वानरें हांकण्यापुरती ठासणीची एक जुनी बंदूक, आणि तिच्या परवान्यासाठीं कचेरीचे खेटे. हें शल्य अहिंसावाद्यांसही टोंचत होतें. मिठाच्या सत्याग्रहापूर्वीं, जानेवारी १९३० मध्यें, गांधीजींनीं सरकारपुढें ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत स्वसंरक्षणार्थ शस्त्रांचे परवाने लोकनियंत्रणाखालीं द्यावे ही एक मागणी होती. म्हणून १९५१ सालीं भारतीय राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला व दादासाहेब त्याचे संस्थापक अध्यक्ष झाले, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. कोणास मारावें यासाठीं ती संस्था नव्हती. नेमबाजीस खेळ म्हणून देशांत प्रतिष्ठा मिळावी यासाठीं होती.

ह्या खेळाचें मुख्य साधन म्हणजे ०.२२ इंची रायफल. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ सालीं निघाली. तिच्या कॅडेटांच्या पिढ्यान् पिढ्या हिलाच ‘पॉइंट टू टू’ म्हणत आल्या आहेत. हिचें काडतूस रिमफायर जातीचें असतें. म्हणजे ठिणगी देणारा मसाला बुडाच्या मध्यभागीं नसून बुडाच्या पोकळ कडेंत भरलेला असतो, आणि चाप ओढतांच त्या कडेवर ठोका बसून बार उडतो. ही युक्ति १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्यें फ्लोबेर नांवाच्या कारागिरानें काढली. आज स्पर्धेंत चालणारें ‘लाँग रायफल’ काडतूस अमेरिकेंत १८८७ सालीं निघालें. त्याची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास. धक्का कमी व आवाज बेताचा, म्हणून नवशिक्याचा खांदा दुखत नाहीं आणि नजर भितरी होत नाहीं. तथापि हें खेळणें नव्हे. भरलेली असो वा रिकामी, बंदुकीचें तोंड माणसाकडे करावयाचें नाहीं, हा पहिला धडा. तो पाठ होईपर्यंत शिक्षकानें काडतूस हातीं देऊं नये, असें आमचें मत आहे. पन्नास मीटरांवर लावलेल्या निशाणाचें दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे आमच्या करवंदाहूनही लहान असतें. माशी त्यावर स्थिर करावयाची तर श्वास आंवरावा लागतो आणि चाप ओढावयाचा नसून हळूहळू दाबावयाचा असतो. संघ निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें, बंगालचे हरिहर बॅनर्जी ह्या लहान रायफलीच्या सामन्यांत भारतातर्फे उतरले.

त्याच १९५२ सालीं, १५ मे रोजीं, ३९४ विरुद्ध ५५ मतांनीं दादासाहेब लोकसभेचे अध्यक्ष निवडले गेले. पक्षाचें सभासदत्व त्यांनीं सोडलें नव्हतें, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. डिसेंबर १९५४ मध्यें त्यांस पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनीं आणला. त्यावर सभागृहांत चर्चा होऊन तो नामंजूर झाला. परंतु सरकार वरचेवर वटहुकूम काढतें हें लोकशाहीस शोभत नाहीं, असें १९५० सालींच लेखी कळविणारेही हेच अध्यक्ष होते, हें टीकाकारांनीं विसरतां कामा नये.

१९५६ च्या जानेवारींत त्यांस हृदयविकाराचा झटका आला व २७ फेब्रुवारी रोजीं अहमदाबादेस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या रिकाम्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या.

त्यांच्या नांवाची मावळंकर स्पर्धा ही राष्ट्रीय सामन्याकडे जाण्याची पायरी म्हणून नेमबाजांत ओळखली जाते. घाटावरच्या आमच्या शेजारी कोल्हापूर जिल्ह्यानें ह्या लहान रायफलीवर मोठें नांव कमावलें आहे. तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें पालथें पडून नेम मारण्याच्या सामन्यांत जगज्जेत्या झाल्या. आणि राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून अशा तिन्ही आसनांत नेम मारून ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविलें.